ह्यालाच का? : श्वसनाच्या साथी, आनुवंशिकता आणि ‘कारण’ या शब्दाचा इतिहास

आजचा विषय वैद्यकाच्या इतिहासातला आहे आणि आम्ही जन्मभर शिकवलं तत्त्वज्ञान. तेव्हा ‘तुमचं इथे काय काम?’ असं कुणी विचारलं तर ते रास्तच म्हणायचं. काम एवढंच की या विषयाच्या मुळाशी ‘कारण’ हा शब्द आहे आणि त्या शब्दाशी आमची पन्नासेक वर्षांची ओळख आहे. जनुकं आणि विषाणू यांबद्दल आज जे सांगणार आहोत ते त्या त्या अभ्यासकांनी शोधलेलं आहे. त्याचा अर्थ कसा लावायचा आणि कसा लावू नये, एवढाच भाग आमचा.

सुरुवात एका फोनपासून करतो. २०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात दोन भाऊ एकाच आठवड्यात कोविडने आजारी पडले. राहायला एकाच घरात. थोरला अठ्ठावन्न वर्षांचा, मधुमेही. तो दहा दिवसांत हिंडूफिरू लागला. धाकटा सत्तेचाळीसचा, रोज पहाटे टेकडी चढणारा, तो गेला. महिन्याभराने त्यांच्या आईचा फोन आला. म्हणाल्या, “सर, दोघंही एकाच घरात, एकाच पंगतीला जेवलेले. मग ह्यालाच का?” त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आलं नाही. पुढे कानावर आलं की भावकीत कुजबुज सुरू झाली आहे: ‘त्यांच्या घराण्यातच ते आहे, वडीलही न्यूमोनियानेच लवकर गेले.’ धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरवताना हीच कुजबुज आडवी आली. आजचं व्याख्यान म्हणजे त्या फोनला उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

‘ह्यालाच का?’ हा प्रश्न फार जुना. त्याला कुणी दैव म्हटलं, कुणी पूर्वकर्म म्हटलं, आयुर्वेदाने प्रकृतीचा विचार केला. मग एकोणिसाव्या शतकात जंतुशास्त्र आलं. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, १८८४ मध्ये कॉलऱ्याचा. जंतू सापडला म्हणजे कारण सापडलं, अशी तेव्हा भावना होती, आणि त्या शोधाने पुढे किती जीव वाचले ते आपण जाणतोच. पण म्युनिकचे वयोवृद्ध प्राध्यापक माक्स फॉन पेटनकोफर यांना ते मान्य नव्हतं. १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याचे जंतू असलेलं पाणी चक्क पिऊन दाखवलं! थोडे जुलाब झाले, बाकी काही नाही. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की एकटा जंतू कॉलरा घडवू शकत नाही.

बघा, पेटनकोफर जंतूचं महत्त्व कमी लेखत होते, ते चुकलेच. पण त्यांनी विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता. जंतू तोच असताना परिणाम वेगळा का?

आपल्या न्यायदर्शनात यासाठी एक नेमका शब्द आहे, कारणसामग्री. नुसतं बी म्हणजे रोप नव्हे. बी, माती, पाणी, ऊब हे सगळं जुळून येतं तेव्हा अंकुर फुटतो. काश्मीरच्या जयंत भट्टाने ‘न्यायमंजरी’त ज्ञानाच्या साधनाची चर्चा करताना असं मांडलं की सामग्रीतल्या एकाच घटकाला बाजूला काढून ‘हेच खरं साधन’ असं म्हणता येत नाही, साधन म्हणजे ती सगळी सामग्रीच. हा विचार हाताशी ठेवा, तो आपल्याला शेवटपर्यंत लागणार आहे. आपला प्रश्न आता असा होतो : श्वसनाच्या विषाणुजन्य आजाराच्या सामग्रीत आनुवंशिकतेचा वाटा आहे का, आणि असल्यास तो ओळखायचा कसा?

हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत. आपल्याकडे जुनी माणसं तिला मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात त्या साथीत किती माणसं दगावली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. मुंबईत पहिली लाट जूनमध्ये आली आणि सप्टेंबरनंतरची दुसरी लाट भयंकर ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महागलेलं. आणि लक्षात घ्या, माणसाचा इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती लागला तो १९३३ मध्ये. म्हणजे १९१८ च्या डॉक्टरांना शत्रूचं नावही ठाऊक नव्हतं.

त्या साथीतल्या मुंबईची समाजवार आकडेवारी उपलब्ध आहे, ती इतिहासकारांनी पुष्कळदा वापरली आहे. दर हजारी मृत्यू असे : युरोपियन ८.३, पारशी ९, इतर हिंदू सुमारे १९, आणि तेव्हाच्या कागदांच्या भाषेत ‘कनिष्ठ जातींचे हिंदू’ ६१.६. एकच शहर, एकच साथ, आणि फरक सातपटीहून अधिक.

आता रक्ताने सगळं ठरतं असं मानणारा माणूस या तक्त्यातून काय वाचेल? तो म्हणेल, अमक्या लोकांचं रक्तच कमजोर. तो काळही वंशाच्या गप्पा मारणाऱ्यांचाच होता. पण तक्ता जरा थांबून वाचला तर तो उलटच बोलतो. युरोपियन आणि पारशी यांची वंशपरंपरा अगदी निराळी, पण त्यांचे आकडे जवळजवळ सारखे. उलट ‘कनिष्ठ’ म्हटलेले हिंदू आणि इतर हिंदू हे शेकडो वर्षं एकाच मुलखात राहिलेले, एकच भाषा बोलणारे. त्यांच्या आकड्यांत तिपटीहून जास्त अंतर. आकडे रक्ताच्या मागे चाललेले नाहीत, ते खोलीच्या आकाराच्या मागे चाललेत. एका खोलीत किती माणसं झोपतात, आजारी पडल्यावर कामावर न जाण्याची ऐपत आहे का, तोंडात पाणी घालायला घरात कुणी उभं आहे का, यांच्या मागे चाललेत.

म्हणजे पहिला धडा हा : आजार एखाद्या समाजात जास्त दिसला म्हणून तो त्यांच्या रक्तात आहे असं होत नाही. बरं, मग कुटुंबाचं काय? ‘घराण्यातच आहे’ हे तरी खरं असतं का?

इथे अडचण अशी की घराणं आपल्याला दोन गोष्टी एकत्र देतं, रक्त आणि घर. आजोबांचं नाकही मिळतं आणि आजोबांची ओल आलेली भिंतही. दोन्ही वेगळ्या कशा करायच्या? संशोधकांनी यासाठी केलेल्या युक्त्या ऐकण्यासारख्या आहेत.

आइसलँडमध्ये वंशावळ्यांची नोंद फार नेटकी ठेवलेली आहे. २००८ मध्ये तिथल्या संशोधकांनी १९१८ च्या साथीतले ४५५ मृत्यू घेतले आणि त्यांचे नातेवाईक तपासले. मृतांच्या जवळच्या नात्यात मृत्यू जास्त होते, हे खरं. कुजबुज करणारे इथेच थांबले असते. संशोधकांनी पुढे आणखी एक पाऊल टाकलं, मृतांच्या जोडीदारांचे नातेवाईक पाहिले. म्हणजे आपल्या भाषेत, माहेर आणि सासर दोन्ही तपासलं. तर सासरच्या माणसांतही धोका तसाच वाढलेला! सोयरिकीत रक्त एक नसतं, पण जाणंयेणं असतं, गाव एक असतं. तेव्हा रक्ताचा वेगळा पुरावा त्यांना मिळाला नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या युटा राज्यातून दुसरा अभ्यास आला. तिथेही मोठ्या वंशावळ्या आहेत. सुमारे शंभर वर्षांतले इन्फ्लुएन्झाचे हजारो मृत्यू त्यांनी पाहिले. पती-पत्नींत धोका वाढलेला दिसला, म्हणजे घराचा वाटा तिथेही आहे. पण त्याबरोबर चुलत-मावस अशा दूरच्या नात्यांतही, जे एका छपराखाली राहत नाहीत त्यांच्यात, थोडासा का होईना जास्त धोका दिसला. हा रक्ताचा इशारा असू शकतो.

आणि याच्या वीस वर्षं आधीचा, १९८८ चा डेन्मार्कमधला अभ्यास तर आमच्या मते या विषयातला सर्वांत चतुर. १९२४ ते १९२६ या काळात जन्मलेली आणि लहानपणीच परक्या घरी दत्तक गेलेली मुलं त्यांनी घेतली, साधारण ९६० कुटुंबं. दत्तक मुलाचं रक्त एका घरचं आणि घर दुसरंच! निसर्गात चिकटून असलेल्या दोन गोष्टी समाजाच्या एका रूढीने वेगळ्या करून ठेवल्या होत्या. जन्मदात्यांपैकी कुणी पन्नाशीच्या आत संसर्गाने गेलेलं असेल, तर मुलाचाही तसाच अकाली मृत्यू होण्याचा धोका सुमारे ५.८ पट निघाला. दत्तक आईवडिलांच्या संसर्गमृत्यूचा असा परिणाम दिसला नाही. हा अभ्यास सगळ्याच संसर्गांचा आहे, फक्त श्वसनाचा नाही, आणि त्यात मृत्यूंची संख्या लहान आहे. तरीही रक्ताला काहीएक म्हणायचं आहे एवढं त्यातून ठरलं.

पण ‘रक्त’ म्हणजे नेमकं काय? इथवर आपण फक्त मोजत होतो, यंत्रणा दिसत नव्हती. ती दिसायला सुरुवात झाली कोंबडीच्या अंड्यापासून.

१९५७ मध्ये लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले जाँ लिंडेनमन हे अंड्यातल्या पडद्यावर इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचे प्रयोग करत होते. उष्णतेने निकामी केलेला विषाणू दिला की पडद्यातल्या पेशी एक द्रव्य सोडतात आणि त्या द्रव्यामुळे दुसऱ्या पेशी खऱ्या विषाणूला दाद देत नाहीत, असं त्यांना आढळलं. त्या द्रव्याला त्यांनी इंटरफेरॉन नाव दिलं. गावात दरोडेखोर शिरले की पहिल्या घरातला माणूस आरोळी ठोकतो आणि बाकीचे कड्या लावून घेतात ना, तसं. इंटरफेरॉन ही ती आरोळी.

पुढे १९६२ मध्ये याच लिंडेनमन यांनी उंदरांच्या एका वाणाची गोष्ट मांडली. नेहमीच्या उंदरांना मारणारा इन्फ्लुएन्झा या वाणाला काही करत नव्हता. हा गुण पिढ्यान् पिढ्या उतरत होता आणि तो एकाच जनुकाचा निघाला. १९८० च्या दशकात कळलं की हा जनुक इंटरफेरॉनची आरोळी ऐकल्यावरच कामाला लागतो, आणि प्रयोगशाळांतल्या बहुतेक उंदरांत तो बिघडलेला आहे. म्हणजे जे उंदीर ‘नेहमीचे’ म्हणून सगळे वापरत होते तेच मुळात अधू होते! तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात मोठी गंमत वाटते. आपण ज्याला सर्वसामान्य म्हणतो तेही तपासून घ्यावं लागतं.

माणसातला स्पष्ट पुरावा आला २०१५ मध्ये. फ्रान्समधली अडीच वर्षांची एक मुलगी साध्या हंगामी नव्हे, पण कोट्यवधी मुलांनी सहज पचवलेल्या २००९ च्या नव्या इन्फ्लुएन्झाने २०११ मध्ये अत्यवस्थ झाली होती. पॅरिस आणि न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या जाँ-लोराँ कासानोव्हा यांच्या गटाला तिच्यात आयआरएफ७ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आढळल्या. तिच्या शरीरात ती आरोळीच पुरेशी उठत नव्हती. आईकडून एक बिघडलेली प्रत, वडिलांकडून दुसरी. आणि आईवडील दोघेही ठणठणीत. पुढे ती मुलगी दरवर्षी लस घेत राहिली आणि तिला तसा गंभीर आजार पुन्हा झाला नाही. हे शेवटचं वाक्य विसरू नका. जनुक बदलला नाही, तो तोच राहिला. सामग्रीतला दुसरा घटक बदलला आणि परिणाम टळला.

मग २०२० साल आलं. नेदरलँड्समध्ये दोन कुटुंबांतले प्रत्येकी दोन तरुण भाऊ कोविडने थेट अतिदक्षता विभागात पोचले, त्यातला एक दगावला. चौघांत टीएलआर७ हा जनुक बिघडलेला निघाला. तो एक्स गुणसूत्रावर असतो. पुरुषाला एक्स एकच, त्यामुळे त्याच्याकडे बदली प्रत नसते. त्याच वर्षी कासानोव्हा यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ६५९ अत्यवस्थ रुग्ण तपासले, त्यांपैकी साडेतीन टक्क्यांत इंटरफेरॉनच्या साखळीतलं एखादं जनुक जन्मतः बिघडलेलं होतं. सोबतच्या दुसऱ्या अभ्यासात ९८७ पैकी १०१ रुग्णांच्या शरीरात स्वतःच्याच इंटरफेरॉनला मारणारी प्रतिद्रव्यं होती, आणि त्या १०१ पैकी ९५ पुरुष. यातल्या बहुतेकांना आजारापूर्वी कसलीही जाणीव नव्हती. हट्टेकट्टे होते. आरोळी ठोकायची वेळच आधी आली नव्हती.

हे झाले विरळ, पण मोठा परिणाम करणारे बिघाड. दुसरा प्रकार म्हणजे पुष्कळ लोकांत आढळणारे, थोडा थोडा परिणाम करणारे भेद. त्यातला सर्वांत गाजलेला तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. ह्यूगो सेबर्ग आणि स्वांते पेबो यांनी सप्टेंबर २०२० मध्ये दाखवलं की कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा हा सुमारे पन्नास हजार अक्षरांचा तुकडा निअँडरथल मानवाकडून आपल्यात आला आहे, साधारण साठ हजार वर्षांपूर्वी. आफ्रिकेत तो जवळपास नाही, पूर्व आशियातही नाही. युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत आहे, आणि दक्षिण आशियात साधारण निम्म्या लोकांत. बांगलादेशात तर ६३ टक्के.

झालं! ‘दक्षिण आशियाई लोकांच्या जनुकांतच कोविड’ असा सूर लगेच लागला. ब्रिटनमध्ये पहिल्या लाटेत बांगलादेशी वंशाच्या लोकांत मृत्यू जास्त झाले होते, आणि आता त्याला जणू शास्त्रीय शिक्का मिळाला. आम्हाला तेव्हा १९१८ चा मुंबईचा तक्ता आठवला. ते लोक लंडनमध्ये टॅक्सी चालवत होते, दुकानात उभे होते, तीन पिढ्या लहानशा घरात राहत होत्या. जनुकाचा वाटा खोटा नाही, पण तो तुकडा एका प्रतीमागे धोका साधारण १.६ पट करतो. वयाने वाढणारा धोका याच्या कितीतरी पट आहे. म्हणून त्या तुकड्याचं नाव घेऊन खोली, नोकरी आणि गरिबी यांना सुट्टी देता येत नाही.

शिवाय निअँडरथलांनी आपल्याला काही चांगलंही दिलं आहे. बाराव्या गुणसूत्रावरचा त्यांचा एक तुकडा कोविडचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी कमी करतो. आणि तिसऱ्या गुणसूत्रावरचा तो ‘बदनाम’ तुकडा असलेल्यांत एचआयव्हीचा संसर्ग होण्याचा धोका कमी आहे, असं सेबर्ग यांनीच २०२२ मध्ये दाखवलं. तेव्हा जनुक चांगला की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. कशाच्या सोबत चांगला, कुठल्या साथीत वाईट, असं विचारावं लागतं. पुन्हा तीच कारणसामग्री.

मग या सगळ्या शोधाचा उपयोग काय? एक उदाहरण देतो. एडिनबराच्या केनेथ बेली यांच्या गटाने ब्रिटनमधल्या २०८ अतिदक्षता विभागांतल्या २२४४ रुग्णांची जनुकं तपासली. त्यात काही भेद इंटरफेरॉनच्या वाटेवर निघाले, तर टीवायके२ हा शरीरातली दाहाची आग भडकवणाऱ्या वाटेवर. ही आग शमवणारं, सांधेदुखीसाठी वापरात असलेलं बॅरिसिटिनिब हे औषध आधीच होतं. मोठ्या चाचणीत ते आठ हजारांहून अधिक रुग्णांत तपासलं गेलं आणि २०२२ मध्ये निकाल आला, मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी घटले. लक्षात घ्या, हे औषध विशिष्ट जनुक असणाऱ्यांनाच दिलं नव्हतं, सगळ्यांना दिलं होतं. थोड्यांच्या जनुकांनी वाट दाखवली आणि फायदा सर्वांचा झाला. आनुवंशिकतेच्या ज्ञानाचा योग्य उपयोग असा असतो.

आता त्या आईंच्या फोनकडे येऊ. आज आम्ही त्यांना काय सांगू?

पहिलं, ‘ह्यालाच का?’ याचं उत्तर काही वेळा खरोखर सापडू शकतं. ते पापात किंवा हलगर्जीपणात नसून पेशीतल्या एखाद्या न उठलेल्या आरोळीत असू शकतं. तुमच्या मुलाने काही चूक केली नाही, तुम्हीही केली नाही. दुसरं, त्याच्या बाबतीत ते तसंच होतं असं आम्ही म्हणणार नाही. तपासणी झालेली नाही. आणि किती विषाणू अंगात गेला, ऑक्सिजन कधी मिळाला, हेही त्या सामग्रीत होतंच. बापलेक दोघे फुप्फुसाच्या आजाराने गेले एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे आइसलँडच्या सासर-माहेरने आपल्याला शिकवलं आहे.

आणि तिसरं त्या भावकीसाठी. समजा, उद्या निघालंच की त्या घराण्यात असा एखादा भेद आहे. तर? निकामी झालेले काही जनुक आपल्यापैकी प्रत्येकाच्या अंगात असतात. त्या फ्रेंच मुलीच्या निरोगी आईवडिलांच्या अंगातही होतेच. फरक एवढाच की आपल्यातल्या बहुतेकांना ते माहीत नाही. ज्याला माहीत झालं त्याने लस चुकवायची नाही, ताप अंगावर काढायचा नाही, डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायचं. यात स्थळ नाकारण्याचं कारण कुठे आलं? जनुक हे कारणसामग्रीतलं एक कारण आहे. त्याला विधिलिखित करून टाकलं की आपण शास्त्राच्या नावाने जुन्या दैवालाच परत बोलावतो, फक्त पांढरा कोट घालून.

त्या मुलीचं लग्न पुढे झालं, हे सांगायचं राहिलं. मुलाकडचे म्हणाले, ‘वडील साथीत गेले, त्यात तिचं काय?’ जयंत भट्ट न वाचताही त्या माणसांना कारण आणि दोष यांतला फरक बरोबर कळला होता.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.